लहान ड्रमसेट, भरघोस आवाज 🥁

१९६० च्या दशकातले छोटे ड्रमसेट हा माझा जिव्हाळ्याचा विषय. दोन सेट प्रत्येक ड्रमप्रेमीला माहीत असायलाच हवेत.

१) ग्रेच कंपनीचा सेट : १८ इंची बेस ड्रम, १२ इंची टॉम, १४ इंची फ्लोअर टॉम. जॅझ वादक याला 'बॉप किट' म्हणतात. १९६३ मध्ये, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात आलेल्या ड्रमर टोनी विल्यम्सने हीच मापं गाजवली.

२) लुडविग डाउनबीट : बेस ड्रम २० इंची, टॉम तेच १२ आणि १४. १९६३ मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारने लंडनमध्ये घेतलेला काळ्या ऑयस्टर पर्ल रंगाचा सेट तो हाच.

लहान बेस ड्रम उंच सुरात लावता येतो. आत उशी न कोंबता, दोन्ही बाजूंना अखंड हेड ठेवून वाजवला की तो गोल, गाणारा स्वर देतो आणि डबल बेस या तंतुवाद्याच्या आवाजावर कुरघोडी करत नाही. शिवाय छोट्या क्लबच्या मंचावर सहज मावतो.

जुना सेट घेताना शेल (ड्रमचं खोड) खरंच गोल आहे का, कडा सपाट आहेत का, नंतर पाडलेली भोकं आहेत का, हे पाहा. जुन्या फ्लोअर टॉमला हूप लावून 'बेस ड्रम' म्हणून विकलं जातं, तेही तपासा. आणि कृपा करून मूळ शेलला नवं भोक पाडू नका!