वस्तादांची जागा



सांगली जिल्ह्यांत, पलूस तालुक्यांतील कुंडल हें गांव कुस्तीच्या मैदानासाठीं प्रसिद्ध आहे. मैदानाच्या दिवशीं हलगी कडाडूं लागली, कीं एकेक जोड पुकारली जाते. आणि पहिलवानाचें नांव घेतांना तीन गोष्टी सांगितल्या जातात: गडी कोण, गांव कोणतें आणि पठ्ठा कोणत्या वस्तादांचा. पहिल्या दोन गोष्टी माणसाला आयुष्यभर पुरतात. तिसरी मात्र दुसऱ्याच्या आयुष्याला बांधलेली असते. वस्ताद थकले, तालीम सोडून गेले किंवा निवर्तले, तर त्या पठ्ठ्याचें पुढें काय होतें? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

शहरांतील पुष्कळांची अशी समजूत असते, कीं वस्ताद म्हणजे डावपेंच शिकविणारा माणूस. वास्तविक डाव शिकविणें हा त्याच्या कामाचा लहानसा भाग आहे. पहाटे मुलांना उठविणें, कोणाला किती जोर आणि किती बैठका झेपतात हें पाहणें, कोणाचा खुराक वाढवावयाचा व कोणाचा आंवरावयाचा हें ठरविणें, सरावाला कोणाची कोणाशीं जोड लावावयाची याचा निर्णय घेणें, आणि मुख्य म्हणजे मोठ्या कुस्तीचें बोलावणें आलें असतां ‘अजून नाहीं’ म्हणून तें परतविणें, हीं सारीं वस्तादांचीं कामें. कोणाचा गुडघा दुखरा आहे, हरल्यावर कोण खचतो आणि कोण ईर्ष्येनें दुप्पट मेहनत करतो, हें कोणत्याहि वहींत लिहिलेलें नसतें. वस्ताद गेले, कीं ही माहिती त्यांच्याबरोबर जाते.

यांत नुकसान कोणाचें होतें? एखादा शेतकरी आपल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला तालमींत आणून सोडतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च तो वर्षांमागून वर्षें पोटाला चिमटा घेऊन करतो. पहिलवानाचीं उमेदीचीं वर्षें मोजकीं. त्यांतलीं दोन वर्षें जर नव्या वस्तादांना मूल ओळखण्यांत गेलीं, तर तीं कोणीहि परत देऊं शकत नाहीं.

तथापि गुरु बदलणें म्हणजे नेहमींच हानि, असें मात्र नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांचें उदाहरण घ्या. कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांनीं, दादासाहेबांनीं, दिले. पुढें कोल्हापुरास बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनीं त्यांना घडविलें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वीं रीस गार्डनर या परदेशी शिक्षकानें त्यांची तयारी करून घेतली. मातींत वाढलेल्या या गड्यानें तिथें गादीवर लढून सहावा क्रमांक मिळविला, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गुरु बदलले, परंतु मातींत मिळविलेली ताकद आणि चपळाई वायां न जातां तिच्यावर नवी विद्या चढली.

आतां अलीकडचीं दोन उदाहरणें पाहूं. शिराळा तालुक्यांतील पुनवतचे गणपतराव आंदळकर हे १९६० चे हिंदकेसरी. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत त्यांनीं एक सुवर्ण व एक रौप्य अशीं दोन पदकें जिंकलीं. पुढें त्यांनीं कोल्हापुरांत मल्लांच्या पिढ्या तयार केल्या. १६ सप्टेंबर २०१८ रोजीं ते वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, जालना येथें, त्यांचा पठ्ठा बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला. तो तोंवर पुण्यास सराव करीत होता. परंतु पाया कोल्हापुरांत घातलेला होता.

दुसरें उदाहरण हरिश्चंद्र बिराजदार यांचें. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं अनेक मल्ल घडविले. २०११ सालीं ते निवर्तले, तेव्हां पाटोद्याचा राहुल आवारे ऐन उमेदींत होता. त्याला पुढें सांभाळलें तें काका पवार यांनीं. आणि काका पवार हे स्वतः बिराजदारांचेच शिष्य. २०१८ च्या राष्ट्रकुल सामन्यांत राहुलनें सुवर्णपदक जिंकलें, तें त्यानें आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केलें. एकाच शिकवणींतला वडील बंधु पुढें झाला, म्हणून धाकटा उघडा पडला नाहीं.

हा प्रश्न केवळ आपल्या मातींतला नाहीं. अमेरिकेंत विद्यापीठांच्या फुटबॉल संघाचा मुख्य शिक्षक बदलणें ही सबंध प्रांताची चिंता होऊन बसते. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा निराळाच खेळ. अलाबामा विद्यापीठांत पॉल ब्रायंट यांनीं १९५८ पासून १९८२ पर्यंत पंचवीस हंगाम संघ सांभाळला. शेवटच्या सामन्यानंतर महिना उलटला नाहीं तोंच ते वारले. त्यांच्या जागीं त्यांचाच जुना खेळाडू रे पर्किन्स आला. पण चार हंगामांनंतर तोहि ती जागा सोडून गेला. केवळ शिष्य असणें पुरेसें नसतें, हें त्यावरून दिसतें. पुढें त्याच विद्यापीठांतून निक सेबन २०२४ च्या जानेवारींत निवृत्त झाले, तेव्हां अवघ्या दोन दिवसांत बाहेरच्या विद्यापीठांतील केलन डीबोअर यांची नेमणूक झाली. मात्र त्या वेळच्या नियमानें खेळाडूंनाहि तीस दिवसांची मुभा होती: नवे शिक्षक मानवले नाहींत, तर दुसऱ्या विद्यापीठांत जावें.

आपल्या तालमींत असा लेखी नियम नाहीं. इथें निष्ठा हाच नियम. निष्ठा थोर खरी. परंतु वस्तादांच्या पश्चात् दुसरीकडे गेलेल्या मुलाला कृतघ्न म्हणणें हा तिचा अर्थ नव्हे. बाला रफिक पुण्यास गेला म्हणून आंदळकरांचा पठ्ठा राहिला नाहीं, असें कोण म्हणेल?

तेव्हां तिघांनीं तीन गोष्टी कराव्या. वस्तादांनीं अंगांत बळ आहे तोंवरच आपल्या शेजारीं दुसरा बसवावा आणि मनांतली वही त्याच्यापुढें उघडावी. नव्या वस्तादांनीं आल्या आल्या मेहनतीची रीत बदलूं नये. आधीं मुलें पाहावीं. आणि गांवानें मुलाच्या पायांत निष्ठेची बेडी घालूं नये.

असें झालें, तर मैदानांत पुकारलें जाणारें तें तिसरें नांव वस्ताद गेल्यावरहि गाजत राहील.