सोळा अँपिअरचा प्रश्न

भिंतीवर बसवलेल्या ज्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, ती खरे तर चार्जर नव्हे. घरातल्या एसी विजेचे बॅटरीला चालेल अशा डीसीत रूपांतर करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. पेटी हा फक्त एक शहाणा स्विच आहे. तिचे शहाणपण मात्र पाहण्यासारखे आहे. बंदुकीसारख्या प्लगमधल्या एका बारीक पिनेवर ती १२ व्होल्टची खूण ठेवते. गाडी जोडली की गाडीतल्या रोधामुळे ही खूण ९ व्होल्टवर येते. मग पेटी तीच खूण सेकंदाला हजार वेळा चालू-बंद करू लागते आणि त्यातला 'चालू' काळ किती, यावरून गाडीला कळते की आपल्याला किती प्रवाह घेता येईल. काळ साधारण २७ टक्के असेल तर १६ अँपिअर, ५३ टक्के असेल तर ३२. गाडी तयार झाली की खूण ६ व्होल्टवर उतरते आणि तेव्हाच पेटीतला कॉन्टॅक्टर बंद होऊन वीज वाहू लागते. म्हणूनच हातातल्या मोकळ्या प्लगमध्ये वीज नसते.

घरी दोनच आकडे कामाचे. १६ अँपिअरच्या सॉकेटवर मिळणारे ३.३ किलोवॉट आणि ३२ अँपिअरची पेटी बसवली तर ७.२ किलोवॉट. विक्रेत्याचा कल अर्थातच दुसऱ्याकडे. पण हिशेब करून पाहा. शहरात रोजचे चाळीस किलोमीटर धरले, युनिटला सात किलोमीटर धरले, तर सहा युनिट लागतात. वाया जाणारी वीज मिळवली तरी ३.३ किलोवॉटवर दोन-सव्वादोन तासांचे काम. गाडी रात्री दहा तास उभीच असते. रोज दीडशे किलोमीटर तोडणारा सोडला, तर बहुतेकांना ७.२ ची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. ती घेतली की बऱ्याचदा मंजूर भार वाढवा, मीटर बदला, थ्री फेज घ्या, ही सगळी वरात मागून येते.

पण १६ अँपिअरचे सॉकेट आहे म्हणून तिथे गाडी लावता येतेच असे नाही. गीझर १६ अँपिअरचाच असतो, पण तो वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तोच प्रवाह तासन्‌तास ओढते. सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असेल आणि तिथे जेमतेम एक दशांश ओहम रोध तयार झाला असेल, तर १६ अँपिअरला त्या बिंदूवर सुमारे २५ वॉट उष्णता सतत निर्माण होते. सोल्डरिंगच्या बारीक इस्त्रीची ही ताकद, प्लॅस्टिकच्या डबीत कोंडलेली. ३२ अँपिअरला उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शंभर वॉट. एमसीबीला यातले काही कळत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. सॉकेट काळे पडलेले दिसते, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र वायर, मध्ये एकही जोड नाही आणि चांगल्या प्रतीचे सॉकेट, यावर तडजोड नको. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरवर चाळीस मीटर अंतरात ३२ अँपिअरला जवळपास ८ व्होल्ट गळतात, १० च्या वायरवर पाच. मीटर रूम एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असेल तर जाड वायरीचे पैसे काढून ठेवावेत.

आता अर्थिंग. जुन्या इमारतींत तिसरी वायर भिंतीत असते, पण जमिनीपर्यंत पोचतेच असे नाही. मिक्सर आणि फ्रिज त्यावाचून चालतात म्हणून वीस वर्षे कुणाला पत्ता लागत नाही. गाडीसोबत मिळणारा केबल मात्र अर्थ तपासतो आणि तो नसेल तर लाल दिवा लावून बसतो. यावर 'उपाय' म्हणून काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, वायरमन दोनशे रुपये घेऊन जातो. पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटला, तर फेज उपकरणांतून फिरून त्याच तुकड्यावाटे गाडीच्या पत्र्यावर येतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कुणी दाराला हात लावला, तर काय होईल हे सांगायला नको. अशा जोडणीवर आरसीसीबी सारखी पडते, म्हणून तीही काढून टाकलेली असते. लाल दिवा हा बिघाड नाही. त्याने घरातली जुनी चूक दाखवलेली असते, आणि तिच्यावर इलाज एकच, नवा अर्थ पिट.

आरसीसीबीचीही एक मेख आहे. घरोघरी सर्रास असते ती 'एसी' प्रकारची, ३० मिलिअँपिअरची. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड होऊन डीसी गळू लागला, तर ही आंधळी होते, एसी गळतीलाही वेळेवर दाद देत नाही. म्हणून 'ए' प्रकारची घ्यावी आणि पेटीत ६ मिलिअँपिअरचा डीसी शोधक आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. नसेल तर 'बी' प्रकार, जो बराच महाग पडतो.

कायद्याच्या बाजूने वाट बरीच मोकळी आहे. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. स्वतःची गाडी स्वतःच्या घरगुती जोडणीवर चार्ज केली तर आकार घरगुती दरानेच. फक्त टप्पे ध्यानात ठेवावेत. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर चढतो. दोनशे युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचे दोनशे मिळवले की त्यातले शंभर वरच्या टप्प्यात जातात. गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीने झाली आहे. २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाच्या सौर तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त ठेवण्याचे ठरले, पण त्या वेळी नोकरदाराची गाडी कचेरीच्या दारात उभी असते. पेन्शनरांनी मात्र हा लाभ जरूर घ्यावा.

खरी अडचण येते ती सोसायटीत. पार्किंग 'माझे' असे आपण म्हणतो, पण नहालचंद लालूचंद प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्टिल्ट पार्किंग हा फ्लॅट नव्हे, बिल्डरला तो वेगळा विकता येत नाही. जागा सामाईक, भिंत सामाईक, मीटर रूम सामाईक. वायर त्यातूनच जाणार. त्यामुळे समितीची भीती सगळीच खोटी नाही. पहिल्या तिघांनी आपापल्या वायरी लोंबकळत्या ओढल्या तर चौथ्याला जागा उरत नाही. पण 'ट्रान्सफॉर्मर जळेल' या भीतीचा हिशेब मांडावा. चाळीस घरांनी प्रत्येकी ७.२ किलोवॉट एकाच क्षणी ओढले तर २८८ किलोवॉट. तेच चाळीस जण रोजचे सहा युनिट रात्रीच्या दहा तासांत पसरून घेतील तर सरासरी २४ किलोवॉट. फरक बारापट, आणि तो फक्त वेळापत्रकाचा. उपलब्ध भार पाहून प्रत्येक गाडीचा वाटा कमी-जास्त करणाऱ्या पेट्या बाजारात आहेत. त्या तोच १२ व्होल्टच्या खुणेचा 'चालू' काळ बदलतात, बाकी काही नाही.

तेव्हा समितीकडे ना हरकत मागायला जाताना एकट्याने जाऊ नये. गाडी घेण्याच्या विचारात असलेले आणखी चार-पाच जण शोधावेत आणि परवानाधारक कंत्राटदाराकडून इमारतीचा मंजूर भार, रात्रीचा प्रत्यक्ष वापर आणि अर्थ पिटचे मापन लेखी घ्यावे. एकच केबल ट्रे, तळमजल्यावर पाणी चढते त्या खुणेच्या वर बसवलेला एकच पॅनल आणि प्रत्येकाला स्वतंत्र मीटर, असा नकाशा सर्वसाधारण सभेत ठेवावा. खर्च आज पाच जणांत वाटला जाईल. सहावा येईल तेव्हा त्याने किती द्यायचे, हे मात्र त्याच ठरावात लिहून घ्यावे, कारण पुढची भांडणे त्यावरूनच होतात.