उन्हाळ्यांत बॅस मासा कोठें जातो?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेनेसी व केंटकी या दोन प्रांतांच्या सीमेवर डेल हॉलो नांवाचें एक विस्तीर्ण सरोवर आहे. १९४३ सालीं ओबी नदीवरील धरण पुरें झालें, त्यानें तें निर्माण झालें. खोऱ्यांतील विलो ग्रोव्ह हें गांव त्यांत बुडालें. तेथील शाळेचा पाया पाणबुडे अजून जाऊन पाहून येतात. जेथें मुलें बसत तेथें आतां मासे फिरतात, आणि तेहि उन्हाळ्यांत गैरहजर राहतात असा कोळ्यांचा अनुभव आहे! तरीहि याच सरोवरांत ९ जुलै १९५५ रोजीं, म्हणजे तेथील भर उन्हाळ्यांत, डेव्हिड हेझ यांनीं नाव हळू चालवीत व मागें आमिष ओढीत असतां ११ पौंड १५ औंस वजनाचा लहान तोंडाचा बॅस धरिला. त्या जातीचा तो जागतिक विक्रम होय.

बॅस हा गोड्या पाण्यांतला शिकारी मासा. त्याच्या मोठ्या तोंडाचा व लहान तोंडाचा अशा दोन जाती विशेष प्रसिद्ध असून दुसरीस पहिलीपेक्षां थंड पाणी अधिक मानवतें. वसंत ऋतूंत तो कांठाच्या उथळ पाण्यांत घरटें करितो, व नर अंड्यांची राखण करितो. त्या वेळीं तो मुलासहि सांपडतो. पुढें ऊन तापलें म्हणजे दिसेनासा होतो. तो तळाच्या थंडाव्यास गेला असावा असें समजून नवशिका मनुष्य सर्वांत खोल जागीं गळ सोडतो आणि दिवसभर रिकामा बसतो. त्याची समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्यासाठीं थोडें पदार्थविज्ञान पाहिजे.

पाणी ४ अंश सेंटिग्रेड उष्णमानास सर्वांत जड असतें, आणि त्यापुढें जों जों तापावें तों तों हलकें होतें, हें आमच्या वरच्या वर्गांतील वाचकांस ठाऊक आहेच. वसंताच्या आरंभीं सरोवराचें पाणी वरपासून तळापर्यंत बहुधा सारख्याच उष्णमानाचें असल्यामुळें वारा तें सहज ढवळतो. उन्हाळ्यांत वरचा थर तापून हलका होतो व खालच्या जड पाण्यावर तेलाप्रमाणें तरंगत राहतो. मग वारा वरच्या थरासच काय तो ढवळूं शकतो. दोहोंच्या मध्यें जो थर असतो, त्यांतून खालीं जातांना दर मीटरास एक अंश किंवा त्याहूनहि अधिक उष्णमान उतरतें. यास आपण संधिथर म्हणूं. हा थर म्हणजे एक झांकणच होय. त्याच्या खालीं वाऱ्यानें मिसळलेली हवा पोंचत नाहीं. उजेड तोकडा पडल्यानें वनस्पति प्राणवायु देत नाहींत. आणि तळाशीं कुजणारा पालापाचोळा असलेला प्राणवायु खाऊन टाकतो. एक लिटर पाण्यांत ५ मिलिग्रॅम प्राणवायु असला म्हणजे बॅस सुखानें राहतो. तो २ मिलिग्रॅमच्या खालीं गेला कीं त्याचा जीव कासावीस होतो. सारांश, वर उकाडा व खालीं कोंडमारा अशा पेचांत तो सांपडलेला असतो.

म्हणून 'इतक्या फुटांवर मासा' असा एकच आंकडा सांगणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवीत नाहीं. हिरवट, शेवाळानें भरलेल्या तळ्यांत ऑगस्टमध्यें पंधरा-वीस फुटांखालचें पाणी कित्येकदां ओसाड असतें. डेल हॉलोचें पाणी स्वच्छ. त्यांत उजेड खोल जातो व कुजणारा मालहि थोडा. तेथें ट्राउटसारखा थंडी व प्राणवायु मागणारा मासाहि खोल पाण्यांत उन्हाळा काढतो, आणि बॅस वीस ते चाळीस फुटांवर मिळूं शकतो.

आज प्रतिध्वनीनें तळ दाखविणारीं यंत्रें नावेवर बसवितात, व त्यांच्या पडद्यावर संधिथर कधीं कधीं धुरकट पट्ट्यासारखा उमटतो. यंत्र नसल्यास बुचाच्या बाटलीस वजन बांधावें, बुचास वेगळी दोरी लावावी, आणि दर पांच फुटांवर बूच ओढून पाणी भरून घ्यावें. वर येतांच त्यांत उष्णतामापक बुडवून आंकडा टिपावा. जेथें आंकडा एकाएकीं घसरूं लागेल तेथें संधिथराचा माथा समजावा. समजा, तो पंचवीस फुटांवर निघाला. आतां सरोवराच्या मध्यावर न जातां, पंचवीस फुटांच्या जरा वर जमीन कोठें आहे तें शोधावें: पाण्यांत शिरलेलें डोंगराचें नाक, बुडालेली टेकडी, जुन्या नदीपात्राची कड किंवा एखादा बुडालेला रस्ता. धरणापूर्वींचा नकाशा येथें फार उपयोगी पडतो. एल्वुड पेरी यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील कोळ्यांस हेंच शिकविलें कीं, माशाचें घर खोलांत असतें व तो जमिनीच्या चढउतारानें ठराविक वाटेनें ये-जा करितो. कांहीं थवे शॅड नांवाच्या लहान माशांमागें अधांतरीं फिरतात, पण नवशिक्यानें त्यांच्या नादीं लागूं नये.

जागा सांपडल्यावर शिशाच्या डोक्याचा गळ सरळ तळास जाऊं द्यावा आणि शेवंडाच्या जातीचा एखादा बोटभर प्राणी दगडांतून सरकावा तसा हळू ओढावा. दोर मध्येंच सैल पडला तरी सावध व्हावें, कारण मासा बहुधा गळ खालीं जात असतांनाच घेतो. स्वच्छ सरोवरांत लहान तोंडाचा बॅस रात्रीं उथळाकडे सरकतो, म्हणून जाणते लोक उन्हाळ्यांत रात्रींच निघतात.

खोलांतून मासा वर आणणें मात्र त्याच्या जिवावर बेतूं शकतें. तेहेतीस फुटांखालीं दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. म्हणून तेथून वर येतां येतां, बॉइलच्या नियमाप्रमाणें, पोटांतील वायुकोश दुप्पट फुगूं पाहतो. बॅसला ही हवा तोंडावाटें सोडतां येत नाहीं. सोडून दिल्यावरहि तो पोट वर करून तापलेल्या पाण्यावर तरंगत राहतो व पुष्कळदां मरतो. सुईनें हवा काढणें हें शिकलेल्या हाताचें काम आहे. त्यापेक्षां वजन लावून त्यास पुन्हां खोलांत पोंचविणें बरें. पण ज्यास मासे खावयाचे नाहींत, केवळ धरून सोडावयाचे आहेत, त्यानें भर उन्हाळ्यांत तीस फुटांखालीं गळ टाकूं नये असें आमचें मत आहे. नियमानें ठेवण्यास मोकळीक असलेला मासा घरीं नेणारे कांहीं जण तो दोरींत ओंवून गारव्यासाठीं खोल सोडतात. दोरी संधिथराखालीं गेली तर तो तेथें गुदमरतो व मांस नासूं लागतें. असा मासा ताबडतोब मारून बर्फांत ठेवावा.