११८ पास, ११९ नापास

पांढऱ्या पडद्यावर करड्या रंगाची अक्षरं लिहा. करड्याची छटा अशी घ्या की लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांची किंमत ११८ असेल. आता कॉन्ट्रास्ट तपासणारं एखादं प्लगइन चालवा. आकडा येतो ४.५४ आणि शेजारी हिरवी खूण. मग तिन्ही घटक एकेका पायरीनं वाढवून ११९ करा. शून्यापासून २५५ पर्यंतच्या शिडीवरची ही एकच पायरी. शेजारी शेजारी ठेवले तरी दोन करडे वेगळे काढता येणार नाहीत. प्लगइन मात्र सांगतं : ४.४८, नापास.

पास होण्याची रेषा आहे ४.५. हे साडेचार आले कुठून?

त्याआधी प्लगइनची थोडी ओळख. मोबाइल ॲपचे, वेबसाइटचे पडदे आखण्यासाठी डिझायनर मंडळी आज मोठ्या संख्येनं फिग्मा वापरतात. त्याआधी स्केचची चलती होती. मूळ सॉफ्टवेअरला जे येत नाही ते त्याला शिकवणारी, बहुतेकदा बाहेरच्याच कुणीतरी लिहिलेली छोटी जोड म्हणजे प्लगइन. आयकॉनिफाय हजारो मुक्त आयकॉन हाताशी आणून देतं. कंटेंट रील रिकाम्या चौकटींत नावं आणि चेहरे भरतं. अनस्प्लॅशचं प्लगइन फोटो आणतं, दुसरं एखादं फोटोमागची पार्श्वभूमी कापून टाकतं. ही सगळी हातांची कामं. वेळ वाचतो, मनगट वाचतं. त्यांचे आभार मानून पुढे जाऊ. मला थक्क करतात ती दुसऱ्या जातीची प्लगइन्स : जी डिझायनरला हात देत नाहीत, दुसऱ्या कुणाचे तरी डोळे देतात.

साडेचार हा आकडा वेबवरच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. साधारण नजरेच्या माणसाला किमान ३ पट उजेडाचा फरक हवा, असं त्याआधीची पडद्यांविषयीची मानकं सांगत होती. तत्त्वं लिहिणाऱ्यांनी मग प्रश्न विचारला : नजर अधू असेल तर? त्यांनी ६/१२ ची नजर धरली. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावर हा आकडा आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला असतो : इतरांना जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येतं त्यासाठी ६ मीटरवर यावं लागणं. अशा डोळ्याची फरक ओळखण्याची ताकद साधारण दीडपटीनं कमी पडते. तीन गुणिले दीड, साडेचार. आणि त्या तत्त्वांच्या स्पष्टीकरणात ही नजर कुणाची म्हटली आहे? साधारण ८० वर्षांच्या माणसाची. पंचविशीतला डिझायनर झगझगीत मॉनिटरसमोर बसून फिकट करडा रंग निवडतो, तेव्हा त्याच्या शेजारी एक ऐंशीचे आजोबा येऊन बसलेले असतात. ११९ वर ते मान हलवतात.

हा झाला पट्टीवरचा आकडा. पण मुळात रंगाचा उजेड मोजायचा कसा? प्लगइन आधी प्रत्येक घटकाचा पडद्यावरचा प्रत्यक्ष उजेड काढतं आणि मग त्यांची बेरीज करतं, पण समान वाट्यानं नाही. लालचा वाटा २१.२६ टक्के, हिरव्याचा ७१.५२ आणि निळ्याचा फक्त ७.२२. म्हणून पांढऱ्यावर शुद्ध निळी अक्षरं ८.५९ गुण घेऊन आरामात पास होतात, तर तेवढ्याच जोराची शुद्ध हिरवी अक्षरं १.३७ वर आपटतात. डोळ्याला हिरवा इतका उजळ दिसतो की तो पांढऱ्यात विरघळून जातो.

हे वाटे कुणा प्रोग्रामरनं बसून ठरवलेले नाहीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विल्यम डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. माणसाला एका छिद्रातून पाहायला बसवायचं. अर्ध्या वर्तुळात एक शुद्ध रंग, उरलेल्या अर्ध्यात तीन दिव्यांचं मिश्रण. दोन्ही अर्धुकं सारखी दिसेपर्यंत त्यानं दिवे कमीजास्त करायचे. राइटकडे १० माणसं बसली, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या नोंदी आणि उजेडाच्या संवेदनेचं १९२४ चं मानक यांतून १९३१ साली ‘प्रमाण निरीक्षक’ तयार झाला, म्हणजे कागदावरचा सरासरी माणूस. पुढे संगणकाच्या पडद्याचे लाल, हिरवा, निळा कोणते हे ठरलं तेही त्याच मोजमापात, आणि वरचे तीन वाटे त्यातूनच निघाले. एका क्लिकमध्ये चमकणाऱ्या हिरव्या खुणेत ते १७ जण अजून छिद्राला डोळा लावून बसलेले आहेत.

सूत्रात आणखी एक बारीक चीज आहे. दोन रंगांच्या उजेडाचा भागाकार करण्याआधी दोन्हींत ०.०५ मिळवतात. खोलीतला उजेड पडद्यावर पडून परत येतो आणि काळा रंग कधीच पुरता काळा राहत नाही, त्याची ही दखल. त्यामुळेच काळ्या-पांढऱ्याचं गुणोत्तर अनंत न होता २१ वर थांबतं.

आता केशरी घ्या. राष्ट्रध्वजाच्या केशरीसाठी पडद्यावर सर्रास वापरली जाणारी छटा म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं आपल्याकडे इतकी रुळलेली आहेत की ती कुणाला खटकतही नाहीत. त्यांचं गुणोत्तर येतं २.१३. मोठ्या ठळक अक्षरांना तत्त्वं ३ पर्यंत सवलत देतात, तिथेही ही जोडी बसत नाही. त्याच पट्टीवर काळी अक्षरं टाका : ९.८६.

रंगांधळ्या माणसाला हा पडदा कसा दिसेल, हे दाखवणारी प्लगइन्स मला याहूनही अद्भुत वाटतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एकाला लाल-हिरव्याचा भेद नीट कळत नाही. पण त्याला नेमकं काय दिसतं हे इतरांना कळणार कसं? त्याच्या ‘पिवळ्या’ची आपल्या पिवळ्याशी तुलना करणार कोण? ही कोंडी सोडवली काही अतिदुर्मीळ माणसांनी : ज्यांचा एकच डोळा रंगांधळा होता. एका डोळ्यानं पाहायचं, मग दुसऱ्यानं, आणि कोणते रंग दोन्हींना सारखे दिसतात ते सांगायचं. लाल-हिरव्याच्या अंधत्वात ४७५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५७५ च्या आसपासचा पिवळा दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, हे त्यांच्याकडून कळलं. ब्रेतेल, व्हिएनो आणि मोलन यांनी १९९७ मध्ये त्यावर गणित उभं केलं. पुढच्या अनेक नकलांचा पाया ते आहे.

एवढे डोळे घेऊन येणारं प्लगइन स्वतः मात्र अर्धं आंधळं ठेवलेलं असतं, आणि तेही मुद्दाम.

फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं. तिथे कुणा अनोळखी माणसाचा कोड तुमच्या फाइलमध्ये सोडणं म्हणजे धोका : तुमच्या नावानं तो काहीही करू शकेल. ऑगस्ट २०१९ मध्ये फिग्मानं प्लगइन्स आणली तेव्हा त्यांनी कोडचे दोन भाग केले. एक भाग फाइलमधले लेयर पाहतो, बदलतो. पण ब्राउझरच्या सोयी त्याच्या आवाक्याबाहेर. दुसऱ्याला ब्राउझरची खिडकी मिळते. पण फाइलला त्याचा हात लागत नाही. सोवळ्यातली आजी चुलीपाशी आणि बाजारात जाणारा नातू उंबऱ्याबाहेर. जे काही द्यायचं-घ्यायचं ते उंबऱ्यावरून. आजीनं दिलेली वस्तू नातू कुठे नेतो हा प्रश्न उरतोच, म्हणून प्लगइन कोणकोणत्या पत्त्यांशी बोलेल हे आधी जाहीर करण्याची सोय पुढे आली.

आतल्या भागाची कोठडी बांधायला फिग्माला काही खटपटी कराव्या लागल्या. आधी निवडलेल्या तंत्रात सुरक्षेची भोकं सापडली, तेव्हा ते क्विकजेएसकडे वळले. जावास्क्रिप्ट चालवणारं हे छोटंसं इंजिन सी भाषेत लिहिणाऱ्यांत मुख्य फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार्ड. जगभरचे व्हिडिओ ज्यावर चालतात ते एफएफएमपेग सुरू करणाराही तोच, आणि २००९ मध्ये एका साध्या डेस्कटॉपवर पाय (π) या संख्येचे सुमारे २.७ लाख कोटी अंक काढणाराही तोच. म्हणजे उतरंड अशी : ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचं इंजिन आहेच, त्याच्या पोटात वेबअसेम्ब्ली या ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपात बसवलेलं दुसरं जावास्क्रिप्ट इंजिन, आणि त्याच्याही पोटात तुमचं करडा रंग तपासणारं प्लगइन. ते खरवडून बाहेर आलंच, तरी हाती लागते ती आणखी एक भिंत.

कॉन्ट्रास्टचं सूत्रही वादातीत नाही. गडद पार्श्वभूमीवर ते चुकीचे होकार देतं, अशी जुनी तक्रार आहे. अँड्र्यू सोमर्स यांनी मांडलेली ॲपका ही नवी पद्धत अक्षराचा आकार आणि जाडीही विचारात घेते, शिवाय गडदावर फिकट की फिकटावर गडद हा भेदही करते. जुन्या सूत्राला मोठं-ठळक आणि बाकीचं यापलीकडे अक्षराबद्दल काही ठाऊक नाही. ‘ग’ आणि ‘र्त्स्न्य’ यांना ते एकच आकडा देतं. बारा पिक्सेलच्या मराठी ओळीत जोडाक्षरं पोटात दाटतात, वेलांट्या आणि रफार माथ्यावर, उकार तळाशी. बारीक फाँटमध्ये शिरोरेषेखालची फट आधी बुजते, रंगाचा प्रश्न नंतर. हे मोजणारं प्लगइन लिहायला जावास्क्रिप्ट पुरेल. अडेल ते मोजमापापाशी : देवनागरी वाचणारे, वेगवेगळ्या वयांचे लोक पडद्यासमोर बसवून कोणतं जोडाक्षर किती बारीक झाल्यावर वाचता येईनासं होतं, याच्या नोंदी घ्याव्या लागतील. राइटचं काम दहांत भागलं होतं.