पॉझिटिव्ह म्हणजे काय? गाठीला विचारलेल्या एका प्रश्नाची गोष्ट



आज एका कागदापासून सुरुवात करते. आमच्या गटातल्या एका ताईंच्या स्तनातली गाठ काढली. कॅन्सरची होती. काही दिवसांनी रिपोर्ट आला. मुलाने वाचला, ‘ईआर पॉझिटिव्ह’. झालं! घरात रडारड. आपल्याकडे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कानावर आला तो एड्सच्या नाहीतर करोनाच्या वेळी. त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच, असं डोक्यात बसलेलं. सासूबाईंनी ताईंचं ताट-तांब्या वेगळा केला. मुलाने रिपोर्ट कपाटात ठेवून दिला.

खरं तर कॅन्सर एकमेकांच्या ताटात जेवल्याने होत नाही. आणि त्या कागदावरची ती ओळ तर दिलासा देणारी होती. ती ओळ आज आपल्या रिपोर्टवर येते, त्यामागे एका शास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम आहे. त्यांचं नाव एलवूड जेन्सन. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात ते काम करायचे.

आधी हार्मोन म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या एका ग्रंथीत ते तयार होतं आणि रक्तातून दुसऱ्या अवयवाला निरोप देतं. बाईच्या ओटीपोटात दोन बीजांडकोष असतात. तिथे इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. मुलगी वयात येते, तिला पाळी येते, छाती भरते, ते याच्यामुळे.

आता गंमत बघा. रक्त तर सगळीकडे फिरतं. हाताच्या बोटांत जातं, पोटरीत जातं. मग वयात येताना मुलीची छाती आणि गर्भपिशवीच का वाढते? बोटं का नाही वाढत?

आत्ता माझा आवाज तुमच्या सगळ्या गावावरून चाललाय. बांधावरून, गोठ्यावरून, देवळावरून. पण ऐकू कुठे येतोय? जिथे रेडिओ आहे आणि आपलं केंद्र लावलेलं आहे, तिथेच. शरीरात तसंच असतं. ज्या पेशीत इस्ट्रोजेनचा निरोप घेणारा ‘रेडिओ’ आहे, तिलाच तो ऐकू येतो. या घेणाऱ्याला शास्त्रात ग्राही म्हणतात, इंग्रजीत रिसेप्टर. ‘ईआर’ म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर.

आज हे सोपं वाटतं. पण १९५० च्या सुमारास असा काही ग्राही असतो, हे कुणी दाखवलेलं नव्हतं. बहुतेक शास्त्रज्ञांना वाटायचं, की शरीर इस्ट्रोजेनचं रूप बदलतं आणि त्या बदलातूनच त्याचं काम होतं. त्यामुळे सगळे विचारत होते, शरीर हार्मोनचं काय करतं?

जेन्सन मूळचे रसायनशास्त्र शिकलेले. जन्म १९२० चा. तरुणपणी ते स्वित्झर्लंडमध्ये शिकायला होते, तेव्हा मॅटरहॉर्न नावाचा अवघड डोंगर चढून आले. तो डोंगर १८६५ मध्ये पहिल्यांदा सर झाला. एडवर्ड व्हिंपर नावाचा गिर्यारोहक एका बाजूने अनेकदा हरला, आणि दुसऱ्या बाजूने गेला तेव्हा शिखरावर पोचला. जेन्सन यांनी ही गोष्ट मनात ठेवली. त्यांनी प्रश्नाची बाजू बदलली. हार्मोन शरीरात जातं कुठे आणि तिथे करतं काय, हे त्यांना पाहायचं होतं.

पण पाहायचं कसं? या कामाला लागणारं इस्ट्रोजेन इतकं थोडं, की एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. कळपात मिसळलेली आपली मेंढी ओळखता यावी म्हणून धनगर तिच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो ना? जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी हार्मोनला तशीच खूण केली. ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन त्याला जोडला. मग ते कुठेही गेलं तरी यंत्रावर सापडणार.

हे हार्मोन त्यांनी उंदरांच्या लहान माद्यांना टोचलं. रक्तात आणि स्नायूंत ते आलं आणि ओसरून गेलं. गर्भपिशवीत आणि योनिमार्गात मात्र धरून ठेवल्यासारखं राहिलं. आणि जसं गेलं तसंच राहिलं, त्याचं रूप बदललं नव्हतं. म्हणजे तिथे त्याला धरणारं कुणीतरी होतं. तोच ग्राही.

१९५८ मध्ये व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं. ऐकायला किती माणसं? पाच. त्यातली तीन तर त्यांच्यासारखीच भाषणं करायला आलेली. त्याच वेळी दुसऱ्या सभागृहात जुन्या समजुतीवर भाषणं चालू होती, तिथे हजारावर गर्दी. गटाच्या पहिल्या बैठकीला पाचच जणी आल्या म्हणून खट्टू होणाऱ्या बायांनी हे लक्षात ठेवावं.

आता या शोधाचा आपल्या ताईंच्या कागदाशी काय संबंध?

स्तनाच्या काही कॅन्सरना इस्ट्रोजेनचं खतपाणी मिळतं. १८९६ मध्येच ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या डॉक्टरांनी दाखवलं होतं, की बीजांडकोष काढले तर काही बायकांचा स्तनाचा कॅन्सर ओसरतो. पुढे शिकागोत चार्ल्स हगिन्स हे डॉक्टर किडनीच्या वरच्या लहान ग्रंथीही काढू लागले, कारण पाळी गेल्यावरही हार्मोन बनायला तिथून मदत होते. ऑपरेशन मोठं. आणि गुण यायचा तिघींपैकी साधारण एकीला. उरलेल्या दोघी पोट फाडून घ्यायच्या, ग्रंथी गमवायच्या आणि आजार होता तिथेच. कुणाला गुण येईल हे आधी कळायला मार्गच नव्हता.

जेन्सन याच हगिन्स यांच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी विचार केला, की ऑपरेशन करण्याआधी गाठीलाच का विचारू नये, ‘बाई, तुला इस्ट्रोजेन ऐकू येतं का?’ त्यांनी गाठीच्या तुकड्यात ग्राही मोजायला सुरुवात केली. १९७० च्या सुमारास चित्र स्पष्ट झालं. ज्या गाठीत ग्राही भरपूर, तिथे हार्मोन तोडल्याचा उपयोग व्हायची शक्यता चांगली. जिथे ग्राही नाहीत, तिथे जवळजवळ नाहीच. कितीतरी बायका नको त्या ऑपरेशनमधून सुटल्या.

सुरुवातीला या चाचणीला मोठा, ताजा तुकडा लागायचा. पुढे १९८० च्या सुमारास जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी ग्राहीला नेमकी चिकटणारी प्रतिद्रव्यं तयार केली. आता काचपट्टीवर पातळ काप घेऊन रंग दिला, की ग्राही असलेल्या पेशी बहुधा तपकिरी दिसतात. आपल्याकडे गाठीचा तुकडा तपासायला जातो तेव्हा हेच करतात.

याच काळात ग्रंथी न काढता काम करणारी गोळीही मिळाली. टॅमॉक्सिफेन. १९६२ मध्ये ब्रिटनमधल्या डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती पहिल्यांदा बनवली. खरं तर ती मूल न होण्यासाठी शोधली जात होती. त्या कामाला ती आली नाही, पण कॅन्सरच्या कामाला आली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ही गोळी स्तनातल्या ग्राहीची जागा धरते. मग इस्ट्रोजेन आलं तरी त्याला बसायला जागा नाही.

म्हणून मैत्रिणींनो, ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीत ग्राही सापडले, आणि अशा गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. स्तनाच्या निम्म्याहून अधिक कॅन्सरमध्ये ते सापडतात. निगेटिव्ह आलं तर या गोळ्यांचा उपयोग नाही, पण केमोसारखे दुसरे उपचार असतात. खचून जाऊ नये. रिपोर्टवर पीआर आणि हर-टू अशा आणखी दोन ओळी असतात. तेही ग्राहीच. त्यांवरूनही औषध ठरतं. म्हणून गाठ कॅन्सरची निघाली तर डॉक्टरांना विचारा, ‘ग्राहींची तपासणी झाली का? काय आलं?’

गोळी साधारण ५ वर्षं घ्यावी लागते, काहींना त्याहून जास्त. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. अंगातून वाफा येणं हा त्रास बऱ्याच जणींना होतो. पण अंगावरून रक्त जाऊ लागलं, एक पाय सुजला-दुखला किंवा एकाएकी दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा. दिवस राहिलेले असतील किंवा राहू शकत असतील, तर आधीच सांगा. खर्चाची काळजी असेल तर सरकारी योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

जेन्सन यांना २००४ मध्ये लास्कर हा मोठा पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले.

आणि आमच्या ताई? आशाताईंनी तो रिपोर्ट कपाटातून काढायला लावला, डॉक्टरांना दाखवला. आज गोळीचं तिसरं वर्ष चालू आहे. ताटही कधीच सगळ्यांबरोबर आलंय. परवा बैठकीत त्यांनीच एका नव्या बाईला समजावलं, ‘अगं, पॉझिटिव्ह ऐकून घाबरू नकोस. कशाचं पॉझिटिव्ह, ते आधी विचार.’