राहुल भेके : गोल अडवणारा मुंबईकर

फुटबॉलचा सामना लागला की तुमची नजर कुठे असते? चेंडूवर, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूवर. साहजिकच आहे. घरातल्या मुलांना विचारून पाहा, कोणाला मेस्सी व्हायचं असतं, कोणाला रोनाल्डो. ‘मला बचावपटू व्हायचंय’ असं सांगणारं मूल तुम्हाला शोधावं लागेल. कारण बचावपटूचं काम दिसतच नाही. त्याने नव्वद मिनिटं चोख काम केलं तर काहीच घडत नाही. आणि एकदाच चूक झाली, तर रात्रभर टीव्हीवर तीच पुन्हा पुन्हा दाखवतात.

आज ज्याची ओळख करून घ्यायची आहे तो असाच एक बचावपटू आहे. राहुल भेके. मुंबईचा, 6 डिसेंबर 1990चा जन्म. क्रिकेटवेड्या शहरातल्या या मराठी मुलाने फुटबॉल निवडला, आणि त्यातही गोल करण्याची नव्हे, गोल अडवण्याची जागा.

त्याचं नाव फुटबॉल न बघणाऱ्यांच्याही कानावर गेलं असेल ते 17 मार्च 2019च्या रात्रीमुळे. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा अंतिम सामना होता. बेंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. राहुल बेंगळुरूकडून खेळत होता, पण गाव त्याचं होतं. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. गोव्याचा अहमद जाहूह लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी गोल होईना. पेनल्टी शूटआऊटची तयारी मनातल्या मनात सुरू झालेली असताना 117व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देलगादोने चेंडू उचलून आत टाकला. राहुलने उडी घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. 1-0. बेंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद.

तुम्ही म्हणाल, बचावपटू तिथे पुढे काय करत होता? कॉर्नरच्या वेळी हीच पद्धत असते. मागे खेळणारे खेळाडू उंच असतात, हवेतला चेंडू डोक्याने परतवण्याची त्यांना रोजची सवय असते. म्हणून त्यांना समोरच्या गोलपाशी पाठवतात. गंमत म्हणजे बरोबर एक वर्ष आधी, 17 मार्च 2018ला, राहुलच्याच संघाला याच हत्याराने घायाळ केलं होतं. त्या अंतिम सामन्यात बेंगळुरू स्वतःच्या मैदानावर चेन्नईयिनकडून 2-3 असा हरला आणि चेन्नईयिनचे पहिले दोन गोल मायल्सन आल्व्हेस या बचावपटूने कॉर्नरवर डोक्याने केले होते. ती फिटंफाट अंधेरीत झाली, असं मला तरी वाटतं.

मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत बचावपटूने जिंकून देणं तसं नवं नाही. 1990च्या विश्वचषकात रोममध्ये पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला 1-0 असं हरवलं. 85व्या मिनिटाची ती पेनल्टी घेतली होती आंद्रेआस ब्रेमेने, आणि तो डाव्या बाजूचा बचावपटू. पण जर्मनीत बचावपटूला मान आहे. बेकेनबाउअर, लाम ही तिकडची घराघरातली नावं. आपल्याकडे राहुलचं नाव किती घरांत ठाऊक आहे?

खरं सांगायचं तर राहुलची कारकीर्द त्या एका उडीवर उभी नाही. त्याची सुरुवात झाली मुंबई एफसीकडून. तिथे प्रशिक्षक होते खालिद जमील. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल, आयएसएलमध्ये केरळ ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी आणि 2017पासून बेंगळुरू. यातली मुंबई एफसी आणि पुणे सिटी हे दोन्ही महाराष्ट्रातले क्लब आज अस्तित्वातच नाहीत. एखाद्या नोकरदाराच्या जुन्या कंपन्या एकामागून एक बंद पडाव्यात, तसं. मुलाने फुटबॉल खेळायचं म्हटलं की आईवडील काळजीत का पडतात, ते यावरून कळतं. 2025मध्ये तर करार रखडल्यामुळे अख्ख्या आयएसएलचा नवा हंगामच अडकून पडला होता.

भारताची जर्सी त्याला मिळाली 5 जून 2019ला, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये, कुरासाओविरुद्ध. वय 28. या वयात कितीतरी खेळाडू उतरणीला लागलेले असतात. तो सामना भारत 1-3 असा हरला. तीनच महिन्यांनी, 10 सप्टेंबरला, दोहामध्ये विश्वचषक पात्रता फेरीत समोर होता कतार, म्हणजे त्या वर्षीचा आशियाई विजेता. सुनील छेत्री आजारी. कतारने पंचवीसपेक्षा जास्त फटके मारले, गोल एकही नाही. सामना 0-0. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच्या पुढे उजव्या बाजूला राहुल होता, डाव्या बाजूला म्हापशाचा मंदार राव देसाई, मध्ये संदेश झिंगन आणि आदिल खान. शून्य हा आकडा किती मेहनतीचा असतो, ते पाहायचं असेल तर हा सामना शोधून बघा.

2021मध्ये राहुल घरी परतला, मुंबई सिटी एफसीत. पुढच्याच एप्रिलमध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबशी गाठ पडली. आधी एक गोल मागे पडलेल्या मुंबईला दिएगो मॉरिसिओच्या पेनल्टीने बरोबरी मिळाली आणि 75व्या मिनिटाला राहुलने डोक्याने विजयी गोल केला. 2-1. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिलाच विजय. 4 मे 2024ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईने मोहन बागानला 3-1 असं नमवलं, तेव्हा आयएसएलचा चषक उचलणारा कर्णधार राहुल होता. त्यानंतर तो पुन्हा बेंगळुरूला गेला.

देशासाठीचा पहिला गोल यायला मात्र नोव्हेंबर 2024 उजाडला. हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारत पिछाडीवर होता आणि चौतिशीला टेकलेल्या राहुलने कॉर्नरवर डोक्यानेच बरोबरी साधून दिली. मार्च 2025मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध आणखी एक, तोही तसाच. त्याच सामन्यात निवृत्तीतून परतलेल्या छेत्रीने गोल केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बातम्या छेत्रीच्या होत्या. बचावपटूचं नशीब, दुसरं काय!

ऑगस्ट 2025मध्ये भारतीय संघाला नवे प्रशिक्षक मिळाले. खालिद जमील. मुंबई एफसीच्या दिवसांतले राहुलचे गुरुजी आता देशाच्या संघाचे गुरुजी झाले होते. त्यांची पहिलीच मोहीम ताजिकिस्तानमधल्या सीएएफए नेशन्स कपची. 8 सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी सामना झाला. 1-1 अशी बरोबरी, मग शूटआऊट. भारताच्या पाचपैकी दोघांचे फटके हुकले. ज्या तिघांचे जाळ्यात गेले, त्यांत लालियानझुआला छांगटे होता, जितिन होता आणि तिसरा, 34 वर्षांचा राहुल भेके. भारत 3-2 असा जिंकला.