जुन्या जीपगाडीचा गंज : दुरुस्ती व प्रतिबंध

शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं असल्यामुळें येथें पर्जन्याचें मान मोठें आहे. वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. भातास हें पाणी जीवन आहे, परंतु लोखंडास तेंच काळ होय. पिकावर तांबेरा दिसतांच शेतकरी सावध होतो. गाडीच्या पत्र्यावर तो दिसला म्हणजे मात्र ‘रंग उडाला, दुसरें काय?’ असें म्हणून स्वस्थ बसतो. या अनास्थेची किंमत आम्हीं स्वतः मोजली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या महायुद्धांत लष्कराकरितां निघालेली जीपगाडी महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून आपल्या देशांत आणली. पुढें त्याच घराण्यांतील एमएम ५४० आदि गाड्या खेडोपाडीं पोंचल्या. चारही चाकांस जोर मिळत असल्यामुळें चिखलांतून व ओढ्यांतून जाण्यास आजही अनेक शेतकरी बंधु या जुन्या गाड्याच पसंत करतात. इंजिनाची दुरुस्ती पुनःपुन्हां होऊं शकते. गाडीचें आयुष्य संपतें तें बहुधा सांगाडा कुजल्यामुळें.

आमच्या घरींही अशीच एक गाडी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्या खालच्या भागास गंज दिसल्यावरून आम्हीं ती एका गॅरेजांत दिली. आठ दिवसांनीं ती काळीकुळकुळीत होऊन आली व आम्ही संतुष्ट झालों. त्या वर्षींच्या भाद्रपदांत काकडीच्या पाट्या व चार मजूर घेऊन आमचे धाकटे बंधु टोकावड्याहून मुरबाडास येत असतां मागील पाट्याची कडी सांगाड्यापासून उखडली. गाडी एका अंगास कलली व नाल्याच्या कांठावर थांबली. एका मजुराचा हात मोडला. मागाहून खरवडून पाहतां गंज जेथल्या तेथें असून वर नुसती लांबी व डांबरी रंग होता, असें आढळलें. दोष कारागिराचा खरा. पण ‘थोडक्यांत भागवा’ हे शब्द आमचेच होते, आणि जन्मभर कचेरींत दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या आम्हीं स्वतःच्या गाडीखालीं वाकून पाहिलें नव्हतें. त्या मजुराचा औषधोपचार व बुडालेली मजुरी आम्हीं दिली. परंतु त्याचा हात पूर्वींसारखा वळत नाहीं, ही टोंचणी कायमची आहे.

गंज कसा चढतो हें प्रथम समजून घ्यावें. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं गंज उत्पन्न होतो. पाण्यांत क्षार असल्यास त्याचा वेग वाढतो. म्हणून अमोनियम सल्फेट अथवा पोटॅश यांचीं फाटकीं पोतीं, गुरांचें मीठ व ओलें शेण वाहिल्यावर गाडी त्याच दिवशीं धुवावी. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, त्यामुळें वरचा रंग फुगून सुटतो. शिवाय तो भुसभुशीत असल्यामुळें ओल धरून ठेवतो व खालीं खालीं खात जातो.

पीकपाहणीप्रमाणें गाडीचीही पाहणी करावी. दारांचे उंबरठे, पायांखालचा पत्रा, मडगार्डांच्या आंतील बाजू, पाट्यांच्या कड्या, सांगाड्याचे आडवे दांडे व ब्रेकच्या नळ्या हीं मुख्य स्थळें होत. सांगाड्यावर लहान हातोडीनें ठोकावें. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर संशय धरावा व पेचकसानें टोंचून पहावें.

पाहणींत गंजाचे तीन वर्ग पाडावे. पहिला, केवळ वरवरचा. हा तारेच्या ब्रशानें व पॉलिश कागदानें चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावा. दुसरा, खड्डे पडलेला. यांत खरवडल्यावर फॉस्फोरिक आम्लाचें गंजनाशक डब्यावरील सूचनेप्रमाणें लावावें. हातमोजे व चष्मा अवश्य वापरावा. दोन्हीं वर्गांत जागा कोरडी करून त्याच दिवशीं प्राइमरचे दोन पातळ हात द्यावे व ते सुकल्यावर रंग द्यावा. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें घासतांना नाकातोंडावर पट्टी बांधावी व मुलांस दूर ठेवावें.

तिसरा वर्ग म्हणजे आरपार कुजलेला पत्रा. तेथें लांबी कामाची नाहीं. शाबूत लोखंड लागेपर्यंत कुजका भाग कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगनें जोडावा. सांगाड्याचें काम कुशल कारागिराकडूनच करवावें. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या. टाकीजवळचें काम असल्यास इंधनाची टाकी उतरवून दूर ठेवावी. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक घासला जाऊं देऊं नये. नोंदणीच्या नूतनीकरणाचे वेळीं तो जुळावा लागतो. काम झांकण्यापूर्वीं मालकानें तें स्वतः डोळ्यांनीं पहावें.

प्रतिबंधाचे उपाय थोडक्या खर्चाचे आहेत. वैशाखांत खालचा भाग धुवून, दोन-तीन दिवस उन्हांत वाळवून, रंगाचे टवके दुरुस्त करावे. दारांच्या व सांगाड्याच्या तळाशीं पाणी निघून जाण्यास छिद्रें असतात, तीं तारेनें मोकळीं करावीं. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर डांबरी रंग कदापि देऊं नये. तो ओल आंत कोंडतो. जळकें ऑइल फवारण्याची चाल आहे, परंतु त्यानें रबरी भाग बिघडतात व गळती जमिनींत मुरून विहिरीपर्यंत जाऊं शकते. सांगाड्याच्या पोकळींत त्याकरितांच मिळणारें मेणयुक्त तेल सोडावें. चिखलणीच्या दिवसांत सायंकाळीं चाकांमागील चिखल काढावा. गाडी गोठ्यांत उभी करूं नये. तेथील दमट हवा व गोमूत्राची वाफ लोखंडास बाधते. ताडपत्री अंगाबरोबर गुंडाळण्यापेक्षां चहूंकडून वारा खेळेल असें छप्पर बरें. दसऱ्यास गाडीची पूजा होतेच. त्याच्या आदल्या दिवशीं दुसरी पाहणी करावी.

आम्हीं आतां गाडीची एक वही ठेविली आहे. तींत पाहणीची तारीख, गंजाचें स्थळ, वर्ग व केलेला उपाय यांची नोंद असते. जमिनीच्या सातबाऱ्यावर कांहीं चुकलें तर पुढें फेरफारानें दुरुस्त होऊं शकतें. मोडलेल्या हाताचा फेरफार कोणतीही कचेरी मंजूर करीत नाहीं. आपल्या गाडींत आपण केवळ माल वाहत नसून विश्वासानें बसलेलीं माणसेंही वाहतों, एवढें ध्यानांत धरून वाचकांनीं येत्या पावसापूर्वीं एक सकाळ गाडीखालीं खर्च करावी, अशी आमची विनंति आहे.